ठकूबाईची पहिली घागर

फार वर्षांपूर्वीची, म्हणजे धामणखोऱ्यात नळ नव्हते आणि सारे गाव एकाच बारवेचे पाणी पीत होते, त्या काळची ही हकीकत. बारवेच्या तळाशी साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचे, सात दगड होते आणि घरोघर पाणी भरण्याचे काम ठकूबाई कोळिणीकडे होते.

एका उन्हाळ्यात गावात पटकी आली. आसरा कोपल्या, असा गावाने अर्थ लावला आणि त्यांची ओटी भरायला सुरुवात केली. तांदूळ, हळद, खोबरे, खण, सारे थेट बारवेत पडू लागले. जितक्या ओट्या वाढल्या, तितक्या तिरड्याही वाढल्या, असे म्हणतात. ठकूबाईची एकुलती लेक साळू अंथरुणाला खिळली. त्या दिवशी ठकूबाईने पाण्याला नाक लावले आणि भरलेली घागर पायरीवर ओतून दिली.

पाटील धावत आले. "ठके, पाणी भरलं नाहीस तर गाव तहानेनं मरेल!"

"तहानेनं मरायला दोन दिवस लागतात, पाटील. या पाण्यानं दोन घटका. मी घरोघर मरण वाहिलं, आता नाही वाहणार. नदीच्या वाळूत झिरे खणा, ते पाणी उकळून प्या."

"आणि देवीची ओटी?"

"ओटी पदरात भरतात की घशात कोंबतात? तुमच्या सुनेच्या घशात कोंबा मूठभर तांदूळ, बघा आशीर्वाद देते का ते!"

पाटलांच्या मागोमाग आलेल्या पाटलीणबाईंना तशातही हसू आवरले नाही. पाटील मात्र म्हणाले, "कर तुला काय करायचं ते. गावातला एक हात मदतीला मिळणार नाही."

ठकूबाईने पदर खोचला आणि एकटीने बारव उपसायला घेतली. तीन दिवस ती उपसत होती. चौथ्या दिवशी तिचे हात उचलेनात, तेव्हा ओल्या केसांच्या सात बायका पायऱ्यांवर दिसल्या आणि दोराला सात जणींचे हात लागले, असे म्हणतात. तळ उघडा पडला. सातही दगड कुजलेल्या तांदळात गळ्यापर्यंत रुतले होते. ठकूबाईने ते घासून धुतले. शेवटचा दगड स्वच्छ होताच खालून झरा उसळला.

गाव घागरी घेऊन धावले. ठकूबाई पायरीवर आडवी उभी राहिली. "आधी मी पिणार. उद्या सूर्य उगवेल तेव्हा मी उभी असले, तर भरा." ती प्याली आणि तिथेच बसून राहिली. सकाळी ती उठली आणि तिने स्वतःच्या हाताने पाटलांची घागर भरली.

साळू वाचली की नाही, याविषयी पाठभेद आहेत. गाव वाचले, याविषयी नाहीत.

आता धामणखोऱ्यात पाण्याची टाकी आहे. ती धुऊन, औषध टाकून झाली की पहिला तांब्या धुणाऱ्यानेच प्यायचा आणि एक रात्र सरेपर्यंत कोणाला पाणी सोडायचे नाही. त्या दिवसापुरते त्याला, पुरुष असला तरी, ठकू म्हणतात. एकदा सरपंच घाईत होते. लग्नघर खोळंबले होते, टँकर महाग होता. "अरे, सोड पाणी," ते म्हणाले.

त्या दिवशी टाकी धुऊन पहिला तांब्या प्यालेल्या नामाने व्हॉल्व्हची चावी खिशात घातली.

"नामा उद्या भेटेल, सरपंच. आज मी ठकू आहे."