तिळाची दाटी

ठकूबाईनं तिळाची दाट उगवलेली निम्मी रोपं उपटून बाकीच्यांना मोकळी जागा दिली, तसे इनामदार भडकले.

"उभं पीक उपटतेस? दाटी राहू दे, खत दुप्पट घाल. पुन्हा एक रोप उपटलंस तर शेत काढून घेईन."

नागपंचमीला इनामदारांकडे पंगत होती आणि पाट मांडायला ठकूबाईच होती. तिनं पाटाला पाट भिडवले. गरम दिंडं वाढली, वर तूप सोडलं. पण शेजाऱ्यांच्या कोपरांमुळे इनामदारांचा हात तोंडापर्यंत जाईना.

"अगं, जेवायचं कसं?"

"दाटी राहू द्या, सरकार. तूप दुप्पट वाढते."

इनामदार पानाकडे बघून हसले. "तुझे तीळ विरळच राहू देत. आधी माझ्या शेजारचे दोघे उठव."

ठकूबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं दोघांना उठवलं आणि मगच तूप वाढलं.