झुपकीची शेंग
शेवग्याच्या झाडावर एक इवलीशी खार. नाव तिचं झुपकी.
रोज सकाळी दामूआजोबा मागच्या दारात येत. झुपकीला भुईमुगाची एक शेंग देत.
आज शेंग नाही! आजोबाही नाहीत!
का बरं? शकूआत्यानं घर धुतलं ना! बादली पालथी केल्याशिवाय आत्याला घर धुतल्यासारखं वाटतच नाही.

झुपकी आत आली, तुरुतुरु तुरुतुरु. आजोबा पलंगावर बसलेले.
"आजोबा, आजोबा, शेंग द्या!"
"कशी देऊ गं? फरशी ओली. मी उठलो की सुर्रर्र! मग धप्प! फरशी सुकली की येतो."

तुरुतुरु तुरुतुरु.
"फरशी, फरशी, सुक ना! आजोबा उठेनात, मला शेंग मिळेना!"
"फडक्यानं पुसलं की सुकते."

तुरुतुरु तुरुतुरु.
"फडक्या, फडक्या, पूस ना! फरशी सुकेना, आजोबा उठेनात, मला शेंग मिळेना!"
"मी बादलीत भिजलोय. आत्यानं पिळलं की पुसतो."

तुरुतुरु तुरुतुरु.
"आत्या, आत्या, पीळ ना! फडकं पुसेना, फरशी सुकेना, आजोबा उठेनात, मला शेंग मिळेना!"
"हाताला कणीक चिकटलीय बाई! ती सुटली की पिळते."

तुरुतुरु तुरुतुरु.
"कणके, कणके, सूट ना! आत्या पिळेना, फडकं पुसेना, फरशी सुकेना, आजोबा उठेनात, मला शेंग मिळेना!"
"थेंबभर तेल मिळालं की सुटते."

तुरुतुरु तुरुतुरु.
"बुधले, बुधले, तेल दे ना! कणीक सुटेना, आत्या पिळेना, फडकं पुसेना, फरशी सुकेना, आजोबा उठेनात, मला शेंग मिळेना!"
"माझं झाकण घट्ट. कुणी हसवलं तरच उघडतं!"
हात्तिच्या! एवढंच?
झुपकीनं शेपटी फिरवली, गुदुगुदु गुदुगुदु. बुधली हसली, खुदुखुदु खुदुखुदु!

झाकण उघडलं, टप्प!
तेल पडलं, टिप्प! नेमकं कणकेवर. फरशीवर थेंब नाही हं!
कणीक सुटली, आत्या आली. हळूहळू आली, नाहीतर तीच पडायची!
आत्यानं फडकं पिळलं. फडक्यानं फरशी पुसली, सर्र सर्र. फरशी सुकली.
आजोबा उठले. काठी टेकत आले, टक टक, टक टक.
पडले? छे! मुळीच नाही!

"ही घे तुझी शेंग. उशीर झाला ना, म्हणून ही आणखी एक!"
कुटुम कुटुम, कुटुम कुटुम.
टरफल पडलं फरशीवर. झुपकी म्हणाली,
"अगंबाई! आजोबांचा पाय घसरेल ना!"
झुपकीनं टरफल उचललं. तुरुतुरु बाहेर नेऊन टाकलं.
आजोबा हसले. आत्यानं तर टाळ्याच वाजवल्या!

फरशी कोरडी, शेंग पोटात,
गोष्ट राहिली तुमच्या ओठात!