बिलोरी पेला आणि पोवळीची बैठक

एका राज्यात राजा होता, आणि तो पायांकडून मेणाचा होत चालला होता. नाव त्याचं हेमांगद. तरुणपणच्या गर्वात त्याने मेणाई जादूगारणीच्या रानातली सगळी मधाची पोळी काढून आणली, दरबारात हजार मेणबत्त्या लावल्या, आणि एकही शेवटपर्यंत जळू दिली नाही. मेणाई आली. भांडली नाही. खजिन्यात एक बिलोरी पेला ठेवून म्हणाली, "मेण वाया घालवलंस, मेण होशील. या पेल्यात मेण ओतून जो ज्योत लावील, आणि काचेला कण न चिकटता तळापर्यंत नेईल, तो तुला सोडवील. पेला तीनदा भरेल. चौथ्यांदा फुटेल."

तेव्हा राजमातेने सात डोंगरांपलीकडून, मेणबत्त्या ओतणाऱ्या घरातली पोवळी सून करून आणली. पोवळी बोलायची कमी, बघायची जास्त. माहेराहून तिने वातीच्या सुताची गुंडी आणली आणि एक वेडा राघू. हा पक्षी मधमाश्या खायचा आणि बोलायचा.

लग्नाच्या दिवशी राजा गुडघ्यापर्यंत मेण होता. "घाई करू नका," तो म्हणाला. "मला कुठे चालत जायचं आहे?" पोवळीला तो तिथेच आवडला.

पहिल्यांदा तिने नुसतं पोळ्याचं मेण ओतलं, तीनपदरी वात लावली. ज्योत लाजरी निघाली. मधोमध विहीर खणली आणि तिच्यातच बुडाली. राजा कमरेपर्यंत मेण झाला.

दुसऱ्यांदा मेणात खोबरेल मिसळलं, वात नऊपदरी वळली. ज्योत मशालीसारखी उठली, वातीच्या टोकाला काजळीचं अळंबं उगवलं, पेला काळाठिक्कर पडला. राजा छातीपर्यंत मेण झाला.

"माहेरी हेच शिकवलं का?" राजमातेने विचारलं.

आता शाप रोज एक बोट वर चढत होता. ओठांपर्यंत दहा बोटं उरली होती, आणि त्यापुढे श्वास.

पोवळीने पेल्याएवढ्या तोंडाची बारा मातीची बोळकी मांडली. तीन वाट्या मेणाला एक वाटी मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, असं मिश्रण ओतलं, निरनिराळ्या वाती लावल्या, प्रत्येकीवर कोळशाने खूण केली. दोन दिवसांत बाराही पेटवून पाहिली. सहापदरी वात बरी ठरली. पण त्या वातीच्या तीन बोळक्यांपैकी दोहोंत काठाला मेणाचं कडं तसंच राहिलं. एकच काठोकाठ वितळलं.

"तीच वात, तेच मेण," पोवळी म्हणाली. "मग असं का?"

"पहिलं पेटवलंस, तेव्हा हाक आली, 'सूनबाई, फुलं.' तू विझवून गेलीस," राघू म्हणाला. "दुसऱ्याला, 'सूनबाई, विडे.' तिसऱ्याच्या वेळी राजमाता देवळात होती."

पोवळीला माहेरची पडवी दिसली. ओतलेलं मेण आई आठ दिवस फडक्याखाली निजवायची. नवव्या दिवशी सकाळी पहिली ज्योत लावायची आणि पाटावर बसायची, ती मेण काठाला पोचेपर्यंत. आजीने हाक मारो, बाबांनी मारो. "मेणाला पहिली बैठक आठवते गं," म्हणायची. "पहिल्यांदा जिथवर वितळलं, पुढेही तिथवरच वितळतं." बसल्याबसल्या पोवळीची वेणी घालायची, केसांना दिवसभर मधाचा वास येई. पोवळीला तेव्हा वाटे, आईला बसायला निमित्त हवं असतं.

तिने काजळी घासून पेला तिसऱ्यांदा भरला आणि फडक्याने झाकला.

"हे आठ दिवस निजेल," तिने सांगितलं.

"महाराजांकडे आठच बोटं उरली आहेत, राणीसाहेब," प्रधान म्हणाला.

"मीही मोजलीत."

नवव्या सकाळी मेण राजाच्या ओठांना टेकलं. डोळे तेवढे हलत होते. पोवळीने ज्योत लावली आणि पाटावर बसली.

"सूनबाई, फुलं!"

"मेण वितळतंय, सासूबाई. उठता येणार नाही."

"सूनबाई, नैवेद्य!"

"उठता येणार नाही."

तिसऱ्या वेळी राजमाता स्वतः दारात आली. "आमच्यात हाक मारल्यावर सून बसून राहत नाही."

पोवळीने दुसरा पाट मांडला. "तुम्हीही बसा ना. वेळ लागेल."

राजमाता उभीच राहिली. राजाने डोळ्यांनी पाटाकडे पाहिलं, मग आईकडे. ती बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "चाळीस वर्षांत या घरात मी सकाळची बसले नव्हते." आणि तिने नकळत पोवळीचा सुटलेला पेड सारखा केला.

ऊन उंबऱ्यावर आलं, तेव्हा वितळलेलं मेण काठाला भेटलं. राजाच्या ओठांवरून पहिला थेंब ओघळला. पुढे तीन दिवस ज्योत सावकाश उतरत गेली, तसा राजाही बोट-बोट सुटत गेला. तळ लागला, तेव्हा काचेवर कण नव्हता. मेणाई आली, पेला उन्हात धरून पाहिला आणि घेऊन गेली. पोळी पुन्हा रानात लटकली.

"आता मला चालावं लागणार," राजा म्हणाला.

"पाणी तेवढं आणा चालत," पोवळी म्हणाली. तो आणायला गेला.

मग तिने राघूला माहेरी धाडलं. "आईला विचार, मेणाला खरंच आठवतं, की ते बसायचं निमित्त होतं?"

राघू सात डोंगर ओलांडून परत आला. पंखांना मधाचा वास होता.

"आई म्हणाली, दोन्ही."

काठाला भेटलेली ही कहाणी अशी तळाला स्वच्छ टेकली.