अकरा मिनिटांचा सल्ला

“...मग मी कशाला हवा, अप्पा? तेवढंच सांगा.”

सिद्राम अप्पा मठाच्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

उदयन राजाध्यक्षला एका जागी बसवत नव्हतं. पुण्याहून पाच तास गाडी हाकून तो या टेकडीवर आला होता आणि आल्यापासून नुसत्या येरझारा घालत होता. बावीस वर्षं त्याने मोठमोठ्या कंपन्यांना सल्ला दिला होता. कुठला विभाग ठेवायचा, कुठला बंद करायचा, कोणाला कुठे हलवायचं. त्याच्या शब्दासाठी माणसं महिनामहिना थांबायची.

आता थांबत नव्हती.

“परवा एका कारखानदाराने माझ्यासमोर दोन अहवाल ठेवले,” तो म्हणाला. “एक माझा. नऊ माणसं, सहा आठवडे. दुसरा त्याने एआयकडून करून घेतलेला. अकरा मिनिटं.”

“वेगळे होते?”

“तेच तर! निष्कर्ष एकच. शब्द तेवढे त्याचे जास्त चांगले.”

“मग बरंच झालं. दोघांचंही बरोबर आलं.”

उदयनला राग आला. राग गिळायची त्याला सवय होती, पण आज ते जमेना.

“बरं काय त्यात? माझ्या हाताखाली सतरा जण होते. आज चार आहेत. बाकीच्यांना मीच घरी पाठवलं. त्यांना द्यायची पत्रंसुद्धा यंत्रानेच लिहून दिली.”

“आणि तुम्ही काय केलंत?”

“सही.”

अप्पांनी एक शेंग फोडली. दाणे निवडले. टरफल बाजूला टाकलं.

“मलाही एक सल्ला हवाय,” ते म्हणाले. “मठाचा दवाखाना आहे, मागच्या दोन खोल्यांत. ठेवावा की बंद करावा? विचारा तुमच्या यंत्राला.”

काम समोर आलं तसा उदयन जरा थाऱ्यावर आला. रुग्ण किती येतात, कुठून येतात, डॉक्टर आठवड्यातून किती दिवस असतात, तालुक्याचं रुग्णालय किती लांब, सगळं त्याने विचारून घेतलं. अप्पांनी आणून दिलेल्या रुग्णवहीच्या पानांचे फोटो काढले. फोनवरच्या एआयला दिले.

अप्पांच्या चार शेंगा फोडून होईतो उत्तर आलं.

दवाखाना बंद करावा. आठवड्यातून तीनदा तालुक्याला गाडी सोडावी. टेकडीखालच्या गाडीतळावर रुग्णवाहिका ठेवावी. आणि खाली एक ओळ होती. गेल्या वर्षी एकाच दिवशी सर्पदंशाचे दोन रुग्ण आधी इथे आले, त्यात पाऊण तास गेला. थेट तालुक्याला गेले असते तर दोघेही वाचण्याची शक्यता होती.

अप्पांचे हात थांबले.

“त्यातल्या एकाचं बारशाला नाव मी ठेवलं होतं,” ते म्हणाले. हातातली शेंग त्यांनी न फोडताच खाली ठेवली. “तुमचं स्वतःचं मत काय?”

उदयनने उत्तर पुन्हा वाचलं. कुठेतरी चूक सापडावी म्हणून वाचलं. सापडली नाही.

“हेच,” तो म्हणाला.

“चला.”

दवाखान्यात गौराबाई म्हेत्रे उकळून वाळवलेल्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळत होत्या. अठ्ठावीस वर्षं त्या इथे नर्स होत्या.

“गौराबाई, हे पुण्याचे साहेब,” अप्पा म्हणाले. “दवाखान्याचं काय करायचं, ते हे सांगतील.”

एवढं बोलून ते रुग्णांच्या बाकावर जाऊन बसले.

उदयनने फोन पुढे केला.

“चष्मा फुटलाय, साहेब,” गौराबाई म्हणाल्या. “तोंडानं सांगा.”

“बघा... म्हणजे एकंदर परिस्थिती पाहता...” तो अडखळला. असली वाक्यं त्याने बावीस वर्षं बोलली होती. त्यातलं एकही पुढे सरकेना. “दवाखाना बंद करायला हवा, बाई.”

त्यांच्या बोटांनी पट्टी गुंडाळणं सोडलं नाही.

“साप चावलेल्या त्या दोघांमुळं?”

“...हो.”

“वाटलंच होतं मला. आठ महिने झाले, कुणी तोंडावर बोलत नाही. अप्पासुद्धा नाहीत.” आता मात्र पट्टी त्यांच्या हातातून सुटली आणि फरशीवर उलगडत गेली. “माझं चुकलं का, साहेब? मी आधी जखम धुवत बसले.”

उदयनला तिथून पळावंसं वाटलं. गाडीची चावी खिशात टोचत होती. एवढा सरळ प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. की विचारायला तो कधी समोरच नव्हता, कोण जाणे.

तो खाली वाकला. पट्टीचं टोक उचललं आणि तिथेच फरशीवर बसला.

“त्या दिवशी काय झालं? पहिल्यापासून सांगा,” तो म्हणाला.

गौराबाई सांगू लागल्या. थांबल्या, रडल्या, पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या. उदयनचा गुडघा सारखा हलत होता. दोनदा तो उठायच्या बेतात आला. उठला नाही. शेवटी त्याने एवढंच म्हटलं, “हो बाई, उशीर झाला. पण तो तुमच्या एकटीमुळे नाही झाला.”

त्यांनी पदराने तोंड पुसलं. “गाडी कधीपासनं सुरू करायची?” त्यांनी विचारलं. “लोकांना मीच सांगेन.”

अप्पा केव्हा उठून गेले, ते उदयनला कळलं नव्हतं. ते मठाच्या पायरीवर उभे होते. तो त्यांच्याकडे गेला तेव्हा आला होता त्याहून जास्त बेचैन होता.

“पण अप्पा, उत्तर तर त्याचंच बरोबर होतं. मी त्यातलं अक्षरही बदललं नाही.”

“उत्तर बरोबर होतं ना...” अप्पा म्हणाले. “म्हणून तर ते तोंडावर सांगायला माणूस लागला.”