काठीला काम न मिळालेला रविवार

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवार, सूर्य कासराभर वर आलेला. समुद्रकाठच्या एका गावात लाकडी प्रार्थनाघर. आत सगळं गाव बाकांवर बसलेलं, आणि समोर मेणबत्त्या करणारी एक बाई उभी. कडेवर लहानगी लेक.

हे गाव मोठ्या निष्ठावान माणसांचं. पलीकडच्या देशात राजा त्यांना त्यांच्या पद्धतीने प्रार्थना करू देईना, म्हणून ते जहाजात बसून इथे आले. आल्या आल्या त्यांनी काय केलं? बंदीचे नियम केले! रंगीत कापड बंद, नाच बंद, नाटक बंद, सणाचं गोडधोडसुद्धा बंद. राजाने ज्यांचं तोंड दाबलं, त्यांनी एकमेकांची तोंडं दाबायला फार दिवस लावले नाहीत.

पण त्यांचा एक नियम चांगला होता, हे मान्य केलं पाहिजे. मंडळीत यायचं असेल, तर सर्वांसमोर उभं राहून देव आपल्याला कसा भेटला ते सांगायचं. साध्या शब्दांत, न नटवता, आणि खरं. साक्ष पसंत पडली तर मंडळीत जागा आणि लेकराला बाप्तिस्मा. नाही पडली तर मायलेकरांनी गावाबाहेर राहायचं.

दुसरा नियम काठीचा. प्रवचन चाले तासन् तास. एक म्हातारा लांब काठी घेऊन बाकांमधून फिरे. काठीच्या एका टोकाला लाकडी गोळा, दुसऱ्या टोकाला कोल्ह्याची शेपटी. पुरुष पेंगला की डोक्यात गोळा, बाई पेंगली की गालावर शेपटी.

बाई बोलू लागली. "पोर तापाने फणफणली होती. मी देवाला खूप विनवलं. मग चिडले. म्हटलं, ऐकू येत नसेल तर कान साफ कर."

बाकांवर कुणीतरी दचकून श्वास घेतला.

"तेवढ्यात आमचा कोंबडा खिडकीतून आत आला. पाळण्याच्या काठावर बसला, मान ताठ केली आणि असा आरवला, की आता तासभर उपदेशच करणार! पोरीने डोळे उघडले आणि खुदकन हसली. मीही हसले. तिथून ताप उतरायला लागला. देव मला भेटला तो त्या हसण्यात."

सगळं प्रार्थनाघर हसलं. मग आपण हसलो हे लक्षात येऊन एकदम गप्प झालं.

"देवाच्या घरात कोंबडा!" पुढच्या बाकावरचे एक वजनदार गृहस्थ गरजले.

"तुमच्या घोरण्यापेक्षा बरा," मागून त्यांच्याच बायकोचा आवाज आला.

पाद्री उठला. "बाई, तेवढं हसणं गाळ. रडले म्हण. मंडळी तुला आत्ता आत घेईल."

"पण मी रडले नव्हते ना, पाद्रीबाबा."

"एका शब्दाने काय बिघडतं?"

"मग खोटं बोलून लेकीचा बाप्तिस्मा करू? तुम्हीच ठरवा. बाहेर राहायला सांगाल तर राहीन."

बघा, खऱ्याचा आग्रह धरणारा माणूस भर प्रार्थनाघरात खोटं मागत होता! आणि त्याला ते दिसतही नव्हतं. तो म्हणाला, "ही साक्ष हलकी आहे. हिने लोकांचं चित्त उडवलं. काठीवाल्या, तू सगळीकडे फिरतोस. सांग, लोकांचं लक्ष होतं का?"

"लक्ष? आज काठी लावायची वेळच आली नाही, बाबा. मीसुद्धा जागा होतो."

"आणि माझ्या प्रवचनाला?"

हे त्याने विचारायला नको होतं.

"खांदा भरून येतो, बाबा. आणि ती शेपटी बघा. केस राहिलेत का तिला?"

आता हसू आवरेना. पाद्री कडक होता, पण लबाड नव्हता. रोज आपल्या मनाची झाडाझडती घ्यायची त्याला सवय होती. त्याने त्या शेपटीकडे पाहिलं. मग त्याचेही खांदे हसण्याने हलू लागले.

"आण ती पोर इकडे," तो डोळे पुसत म्हणाला. "आणि कोणीतरी पाणी आणा."

त्यानंतर लोक गळकं छप्पर, करपलेली भाकरी, हरवलेली गाय असलं सगळं साक्षीत सांगू लागले. पुढे या नव्या देशात ज्या चांगल्या गोष्टी लिहिल्या गेल्या, त्यांना याच बाकांवरचं वळण होतं. भाषा साधी, स्वतःची झाडाझडती, आणि मधूनच घरातलं काहीतरी खरंखुरं.

बोध सरळ आहे: ज्या सत्यातून हसू गाळायला लागतं, ते सत्य उरतच नाही.

आता एक गोष्ट राहिली. आदल्या हिवाळ्यात याच जागी उभ्या राहून एका विणकरणीने देव आपल्याला गाण्यात भेटल्याचं सांगितलं होतं. तिला त्याच दिवशी बर्फात वेशीबाहेर काढलं. तेव्हा तिला घालवा म्हणून हात वर करणाऱ्यांत ही सगळी हसरी माणसं होती. ती विणकरीण कुठे गेली, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.