न खणलेला खड्डा

शिकारीच्या नादात कनकपूरचा राजा एकदा घोड्यासकट खड्ड्यात पडला. बाहेर निघताच त्यानं हुकूम सोडला, की परवानगीशिवाय राज्यात कोणी खड्डा खणायचा नाही. आधी महाराज स्वतः खड्डा पाहतील, पसंत पडला तरच खणू देतील. न विचारता खणणारा कुदळीसकट तुरुंगात!

खणण्याआधी खड्डा पाहायचा कसा, असं दिवाणजींनी चाचरत विचारलं. राजा म्हणाला, ज्याला हवाय त्यानं ते बघावं.

रानातल्या वस्तीवरच्या मुकिंदाला संडासासाठी खड्डा हवा होता. त्याची बायको गुडघ्यानं अधू. ओढ्यापलीकडच्या झुडपांत जाताना परवाच ती घसरून पडली होती. मुकिंदानं दरबारात हात जोडले, पण तोच हुकूम ऐकून तो परत आला. त्याची लेक येसू आईला पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडू लागली आणि पावलागणिक तिचा राग वाढत गेला.

शेवटी ती स्वतःच राजापुढे उभी राहिली. खड्डा दाखवते म्हणाली. वर, खात्रीसाठी एक शिपाई वस्तीवर बसवा, आमची कुदळही त्याच्याकडेच राहू द्या, असं मागून घेतलं.

शिपाई कुदळ मांडीवर घेऊन बसला. बापलेकीनं पडक्या गोठ्याच्या भिंतीची माती पाटीपाटीनं आणून गोल रचायला घेतली. शिपाई डोकं खाजवत राहिला, पण माती वाहायला हुकुमात बंदी नव्हती. बांध माणसाहून उंच झाला, तेव्हा येसूनं सांगावा धाडला.

पालखी आली, छत्रचामरं आली. राजा शिडीवर चढून आत डोकावला. आत चांगला खोल खड्डा! राजाचा चेहरा लालबुंद झाला.

"कोणी खणला हा?"

शिपायानं शपथेवर सांगितलं, की कुदळ त्याच्या मांडीवरून हललीच नाही.

येसू म्हणाली, "खणायला बंदी होती ना, महाराज? म्हणून आम्ही खड्ड्याला हातच लावला नाही. तो होता तिथंच ठेवला, जमीन तेवढी वर नेली."

राजा शिडीवरच हसत सुटला. शिडी हलायला लागली, दिवाणजींनी ती धरली आणि तेही हसू लागले. खाली उतरून राजानं येसूच्या हातात सोन्याची कडी घातली, विटा आणि गवंडी पाठवायचं कबूल केलं आणि राज्यातल्या सगळ्या खड्ड्यांची परवानगी यापुढे हीच देईल, असं जाहीर केलं.

येसूनं पहिली परवानगी तिथल्या तिथं आईला देऊन टाकली.