धुरपाची पानं

उंबरदरीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या आजालाही जी नुसती ऐकूनच ठाऊक होती, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. तेव्हा दरीत धुरपा नावाची एक बाई राहायची. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण लावणं हे तिचं काम. लग्न असो, बारसं असो की तेरावं, पानं धुरपाकडूनच यायची.

आता पत्रावळीचं आयुष्य ते केवढं? जेवणं आटोपली की चालली उकिरड्यावर. पण धुरपा प्रत्येक द्रोणात पाणी ओतायची आणि तो तळहातावर धरून बसायची. तळाशी जरा ओल दिसली, की सगळ्या काड्या उपसून द्रोण पुन्हा लावायला घ्यायची. पत्रावळीची खालची बाजू कुणाला दिसत नाही, पण तिकडचे टाकेही वरच्याइतकेच बारीक. तिच्या द्रोणात रात्री ठेवलेलं ताक सकाळी तेवढंच असायचं, असं म्हणतात.

गाव मात्र तिची थट्टा करायचं. कारण उंबरदरी हे 'चालतंय' म्हणणारं गाव होतं. बांध तिरका पडला, चालतंय. दार नीट लागत नाही, चालतंय. एकदा म्हादू पाटलांनी तिला विचारलंच, की शेवटी फेकायच्या वस्तूसाठी एवढा जीव का काढतेस? धुरपा हातातलं काम न थांबवता म्हणाली, "पाटील, माझ्या हातनं रोज ढीगभर जात्यात. पर जेवणाऱ्याच्या म्होरं एकच येतं." पाटील हसले आणि विसरून गेले.

मग पाऊस रुसला. एक साल रुसला, दुसऱ्या साली तर फिरकलाच नाही. विहिरींचे तळ उघडे पडले, ओढ्यात धूळ उडायला लागली. फक्त वर कड्याच्या पोटात एक झरा जिवंत होता. पण त्याची धार खाली मुरमावर पडायची आणि तिथेच जिरून जायची. घागर घेऊन जावं, तर दोन्ही हातांनी दगड धरल्याशिवाय तिथे चढताच येत नसे. शेवटी पाटलांनी ठरवलं, की अमुक दिवशी ऊन उतरलं की गाव सोडायचं आणि थंडाव्याला चालत नदीकाठ गाठायचा.

सगळ्यांनी माना हलवल्या. धुरपाची मान हलेना. तिची एकुलती एक लेक, कौती, बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरलेले. तिला उठून उंबऱ्यापर्यंत जाववत नव्हतं, ती नदीपर्यंत कशी चालणार, आणि बैलगाडीचे हादरे तरी कशी सोसणार? आणि मागे ठेवावी, तर पाण्यावाचून ती आणि पोटातलं लेकरू किती तग धरणार?

गाव निघायच्या दिवशी सकाळी धुरपा पाटलांच्या दारात गेली. म्हणाली, की झऱ्यापासून गावापर्यंत पानांची पन्हळ टाचू, पाणी तिच्यातून आपल्या पायानं येईल. लोक हसले असते, पण हसायलाही घशाला कोरड होती. तशा दुष्काळातही पळसाला तेवढी नवी पानं फुटली होती. झाडून सगळं गाव पानं आणायला आणि टाचायला बसलं. कड्याकडची वरची अर्धी पन्हळ धुरपाने लावली, खालची अर्धी गावाने. बेचक्यांवर आणि दगडांवर ती टेकवत आणली.

पाणी सोडलं. धुरपाच्या अर्ध्या पन्हळीतून ते खळखळत आलं. गावाच्या अर्ध्यात शिरलं आणि बघता बघता दिसेनासं झालं. लांब लांब टाके, वरवर जोडलेली पानं. जो तो मनात म्हणाला होता, एवढ्यानं काय होतंय, चालतंय. सगळ्यांचं 'चालतंय' एका ओळीत जोडलं गेलं होतं आणि त्यातून पाणी गळत होतं.

ऊन उतरायला लागलं होतं. पाटलांनी बैल जुंपायला सांगितले. धुरपाचा जीव आतून तुटत होता, पण तिने कुणाला बोल लावला नाही. पन्हळीशी बसून ती एकच शब्द बोलली, "उसवा."

आधी पाटील बसले. मग एकेक करत सगळे बसले. धुरपा प्रत्येकाच्या शेजारी जाऊन हात धरून टाका दाखवत होती. पान पानावर किती चढवायचं, काडी कुठे आत घ्यायची. त्या दिवशी सूर्य कड्यावर टेकून बसला आणि शेवटचा टाका पडेपर्यंत हलला नाही, असं म्हणतात. पळस आपणहून पानं ओटीत टाकत होते, असंही म्हणतात. खरंखोटं तो सूर्य जाणे.

पाणी पुन्हा सोडलं. ते आलं, आणि येतच राहिलं. कड्यावर निघालं तेवढंच गावात पोचलं. पहिला द्रोण भरून पाटील स्वतः कौतीकडे गेले. दुसऱ्या दिवशी तिला मुलगी झाली. बैल सोडले गेले, गाव जागच्या जागी राहिलं. पाटलांनी धुरपाचे पाय धरले, तेव्हा ती ओशाळून म्हणाली, की मी तर रोजचंच काम केलं.

धुरपा कधी गेली ते कुणी सांगत नाही. पण उंबरदरीत आजही पंगत बसली, की वाढायच्या आधी यजमान हात जोडून विचारतो, "पानं कुणी लावली?" ती कुणीही लावलेली असोत, सगळी पंगत एका आवाजात सांगते, "धुरपानं." ज्याने खरोखर लावलेली असतात, तो तिथेच कुठेतरी बसलेला असतो. आपलं काम कुणाच्या नावावर जाणार हे त्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून उंबरदरीत कुणाचा टाका ढिला पडत नाही.